एका टाकीला चौदा, पुढच्या टाकीला दहा: डिझेल एसयूव्हीचं ॲव्हरेज असं उड्या का मारतं?

मागच्या पावसाळ्यात आमच्या गाडीनं मला चांगलंच घोळात घेतलं. गाडी २०२१ ची, बीएस-६, दोन लिटरचं डिझेल इंजिन, सात सीटर, मॅन्युअल. घर चिंचवडला, कंपनी चाकणला, अधूनमधून कराडची फेरी. टाकी फुल टू फुल करून (म्हणजे फुल करायची, गाडी चालवायची, पुन्हा फुल करायची आणि झालेल्या किलोमीटरला या वेळी मावलेल्या लिटरनं भागायचं) ॲव्हरेज काढलं तर १४.७१ आलं. खूश झालो, भावाला फोन करून सांगितलंसुद्धा. पुढच्या टाकीला तोच हिशोब केला तर १०.७१. लिटरमागे चार किलोमीटर गेले कुठं?

सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या ॲडव्हायझरनं गाडीभोवती एक चक्कर मारली, एअर फिल्टर काढून झटकून दाखवला आणि इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे नोझल) क्लीनिंगचं पाच आकडी एस्टिमेट हातावर ठेवलं. "मायलेज ड्रॉप आहे ना सर, मग इंजेक्टरच." मी विचार करून सांगतो म्हणालो, ते काही शहाणपणानं नव्हे. महिनाअखेर होती म्हणून.

त्याच्या पुढच्या भरणीला मी गाडीतून उतरून नोझलपाशी उभा राहिलो आणि घोळ तिथंच सापडला. ३५.२० लिटरला खटकन कट झालं. पोरगा नोझल काढायला लागला, म्हटलं, "थांब रे जरा, फेस बसू दे." त्यानं मागच्या रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पण थांबला. मिनिटभरानं अगदी हळू धारेनं सोडायला सांगितलं. पुन्हा कट झालं तेव्हा मीटरवर ३८.१० होते. म्हणजे "फुल" झालेल्या टाकीत आणखी २.९० लिटर मावलं.

नोझलला टाकी भरल्याचं कळत नसतं. त्याच्या तोंडाशी एक बारीक भोक असतं, डिझेल वाहत असताना त्यातून हवा ओढली जात असते. डिझेल, किंवा नुसता फेस, त्या भोकाशी आला की हवा अडते, आतलं निर्वात वाढतं आणि चाप सुटतो. डिझेलला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त फेस येतो. धार जोरात असेल तर फेस लवकर वर येतो, म्हणून कट लवकर. त्यात एसयूव्हीची टाकी चपटी आणि पसरट, वरच्या कोपऱ्यात हवा अडकून राहते. पंपाची फरशी जरा उतरती असली की तेवढ्यानंही फरक पडतो.

मग मागचा हिशोब पुन्हा मांडला. १४.७१ आलं त्या दिवशी मागं रांग होती, पहिल्याच कटला मी निघालो होतो. टाकी तीनेक लिटर कमी भरलेली. त्या पुढच्या वेळी दुसऱ्या पोरानं राउंड फिगर करायला टपटप डिझेल सोडून टाकी काठोकाठ केली होती. म्हणजे आधीचे तीन लिटर या भरणीच्या अंगावर आले. ते तीन लिटर जिथल्या तिथं ठेवले तर १४.७१ चे होतात १३.४३ आणि १०.७१ चे ११.६०. उरलेला फरक मोशी-चाकण रस्त्यावरच्या ट्रॅफिकचा. इंजेक्टरचा यात काही संबंधच नव्हता.

एका टाकीच्या आकड्यावर विश्वास नको

हे एवढं जरी केलंत तरी निम्म्या तक्रारी मिटतील. प्रत्येक भरणीला दोन-तीन लिटरची चूक होणारच. पस्तीस लिटरवर तीन लिटर म्हणजे आठ-नऊ टक्के. पण वहीत सलग नोंद ठेवली तर मधल्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात, कारण या टाकीला कमी गेलेलं पुढच्या टाकीला जास्त जातं. शिल्लक राहते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरणीची चूक. ती मग पावणेदोनशे लिटरवर वाटली जाते. माझ्या वहीतली ही पाच भरण्यांची नोंद (सुरुवात टाकी फुल, रीडिंग ६१,२४०):

६१,७०२ – ४६२ किमी – ३१.४० लिटर – १४.७१
६२,११८ – ४१६ किमी – ३८.८५ लिटर – १०.७१
६२,६५५ – ५३७ किमी – ३८.१० लिटर – १४.०९
६३,०४७ – ३९२ किमी – ३३.१५ लिटर – ११.८३
६३,५६० – ५१३ किमी – ३६.५० लिटर – १४.०५

एकूण २,३२० किलोमीटर, १७८ लिटर. भागाकार १३.०३. गाडीचं खरं ॲव्हरेज हे. शेवटचा रकाना नुसता उड्या मारतोय, त्याकडे बघूच नका. मी तर आता तो लिहीतही नाही.

शेवटच्या रकान्यातल्या आकड्यांची सरासरी काढायची खोडही सोडा. समजा शहरात ५०० किलोमीटर १० च्या ॲव्हरेजनं गेलात आणि हायवेला ५०० किलोमीटर १६ नं. तोंडी उत्तर येतं १३. पण शहरात लागले ५० लिटर, हायवेला ३१.२५. हजार भागिले ८१.२५ म्हणजे १२.३. किलोमीटरची बेरीज भागिले लिटरची बेरीज, दुसरं काही नाही.

भरायची पद्धत मी अशी ठेवली आहे: शक्यतो तोच पंप, तेच मशीन, गाडी त्याच तोंडानं उभी. मध्यम धार, पहिला कट, मिनिटभर थांबणं, मग बारीक धारेनं दुसरा कट आणि तिथं बंद. नळकांड्यापर्यंत डिझेल दिसेस्तोवर ओतत बसायचं नाही. जमिनीखालच्या टाकीतलं गार डिझेल उन्हात फुगतं आणि झाकणातून ओघळतं. रुपयांत भरायचं नाही, भरलंच तर लिटरचा आकडा दोन दशांशांपर्यंत टिपायचा. पंपाच्या पावतीवरची शाई गाडीच्या डॅशबोर्डवर पंधरा दिवसांत उडते, म्हणून मी मशीनच्या डिस्प्लेचा आणि मग ओडोमीटरचा असे दोन फोटो काढतो. वहीत रविवारी उतरवतो.

पंपवाला माप मारतो का?

हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतोच. वैध मापन शास्त्र विभाग पंपाची मशीनं तपासून मुद्रांकित करतो, त्यात चालणारी चूक अर्धा टक्का, म्हणजे पाच लिटरला २५ मिली. शंका आली तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, त्यात ओतून दाखवा म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे. मी एकदा मागितलं. मॅनेजरचं तोंड जरा वाकडं झालं, पण माप आलं आणि डिझेल रेघेवर बरोबर होतं. मुद्दा असा, की अर्ध्या टक्क्यानं तेराचं ॲव्हरेज ०.०७ नं हलतं. चौदाचं दहा करायचं तर पंपवाल्याला पाव टाकी पळवावी लागेल.

पहाटे भरलं तर डिझेल जास्त मिळतं, हेही तसंच. डिझेल अंशामागे सुमारे ०.०८ टक्के फुगतं. जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. अगदी दोन अंश धरले तरी चाळीस लिटरला ६५-७० मिली होतात, चहाचा एक कप. हजाराऐवजी हजार दहाचं टाका म्हणणाऱ्यांना तर मी आता उत्तरच देत नाही.

भागाकाराची दुसरी बाजू: किलोमीटर

लिटरवर सगळे वाद घालतात, किलोमीटरवर कुणी शंका घेत नाही. ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, आणि चाकाचा घेर कायम तेवढाच राहत नाही. माझ्या टायरचा साइज २३५/६५ आर १७, नवा असताना व्यास ७३७ मिलीमीटर. टायरवरची नक्षी झिजून सहा मिलीमीटर गेली की व्यास बाराने कमी, म्हणजे दीड टक्का. गाडी न चालता किलोमीटर वाढतात आणि ॲव्हरेज फुकटात सुधारतं. मग नवे टायर टाकले की लोक म्हणतात, "टायर बदलल्यापासून ॲव्हरेज पडलं." थोडं पडतंही, नवा टायर जरा जड चालतो, पण बराचसा भाग हा मोजणीचा असतो.

उलटा प्रकार दांडगे टायर घालणाऱ्यांचा. २३५/६५ च्या जागी २५५/६५ घातले की व्यास ७६३ होतो, साडेतीन टक्के जास्त. ओडोमीटर हजार दाखवतो तेव्हा गाडी १,०३५ चाललेली असते. हे न धरता गाडी डिझेल पिते म्हणून बोंब मारण्यात अर्थ नाही.

तपासायला एक्स्प्रेसवेवरचे किलोमीटरचे दगड पुरतात. सलग ५० किलोमीटर घ्या, ट्रिप मीटर एका दगडापाशी शून्य करा (शेजारी बसलेल्यानं, चालवणाऱ्यानं नव्हे). जुन्या टायरवर माझा ट्रिप ५०.९ दाखवत होता, नव्यावर ५०.२. वहीच्या वरच्या कोपऱ्यात तेवढा गुणक लिहून ठेवलाय. स्पीडोमीटरवरून मात्र हे काढू नका, तो मुद्दाम जरा जास्त दाखवायलाच लावलेला असतो.

डॅशबोर्ड काय म्हणतो

डिस्प्लेवरचं ॲव्हरेज कुठल्या मापातून ओतून आलेलं नसतं. इंजेक्टरनं किती फवारावं असा हुकूम ईसीयूनं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरनं, दिला, त्यांची ती बेरीज. ती बहुधा गोडच असते. त्या २,३२० किलोमीटरला माझा डिस्प्ले १४.१ म्हणत होता, वही १३.०३. म्हणजे डिस्प्लेला ०.९२ नं गुणायचं. एकदा हा गुणक कळला की डिस्प्ले कामाचा होतो, कारण तो खोटं बोलतो ते दर वेळी साधारण तेवढंच. फक्त सेटिंगमध्ये जाऊन डिझेल भरल्यावर आपोआप रीसेट होतंय का ते बघा. माझं व्हायचं, आणि मी ते आठवडाभराचं ॲव्हरेज समजत होतो.

कंपनीच्या आकड्याशी तुलना करणाऱ्यांसाठी थोडं. एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची चाचणी रोलरवर होते, एसी बंद, कमाल वेग ९०, सरासरी ३२ च्या आसपास, सगळा खेळ वीस मिनिटांच्या आत आटोपतो. या चाचणीच्या ड्रायव्हिंग सायकलचं लघुनाव एमआयडीसी, पण चाकणच्या एमआयडीसीशी तिचा काडीचा संबंध नाही. तिथं मोशीचा सिग्नल नाही, ट्रेलर आडवा नाही. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरा, आपल्या गाडीशी भांडायला नको.

घाट

आमच्या साडूंची तक्रार वेगळीच होती. पनवेलहून पुण्याला येताना १३, जाताना १६. गाडीत दोष शोधत होते. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे आणि पनवेल जवळजवळ समुद्राच्या पातळीला. सव्वादोन टनांची भरलेली गाडी तेवढी वर चढवायला, इंजिनची तूट धरून, पाऊण ते एक लिटर डिझेल जास्त लागतं. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या प्रवासात एकूण लागतं आठ-नऊ लिटर. दहा टक्के इथंच गेले, आणि ते जाताना बरेचसे परत मिळतात. म्हणून जाऊन-येऊन मोजा, भरणी दोन्ही वेळा आपल्याच गावच्या पंपावर.

उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचतं हा जुन्या ट्रकवाल्यांचा समज. हल्लीचं इंजिन गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललेला असताना फवारणी बंदच करतं. न्यूट्रलमध्ये उलट त्याला स्वतःला चालू ठेवायला डिझेल लागतं. आणि बोरघाटात नुसत्या ब्रेकवर उतरायचं धाडस कुणी करूच नये.

वेगाचं एवढंच: ८० वरून १०० ला गेलं की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि एसयूव्ही म्हणजे चालतं कपाट. समृद्धीवर १२० नं गेलेली टाकी आणि जुन्या हायवेला ८० नं गेलेली टाकी यांची तुलना होत नाही. कॅरिअर, एसी, टायरमधली हवा सगळ्यांना माहीत आहे. हवा मात्र टायर थंड असताना बघा, पंपापर्यंत पंधरा किलोमीटर जाऊन नव्हे.

आणि खरंच पडलं तर?

वहीचा खरा उपयोग मला दिवाळीनंतर कळला. चार टाक्यांची बेरीज १,६४० किलोमीटर, १४४ लिटर, ॲव्हरेज ११.३९. रस्ता तोच, टायरमध्ये हवा ठीक, गुणक लावलेला. चार टाक्या मिळून पडलंय म्हणजे हे नोझलचं काम नाही, गाडीत काहीतरी झालंय.

रविवारी सकाळी मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागं कुणी नाही बघून, ६० ला न्यूट्रल केली (इंजिन चालू ठेवून, नाहीतर स्टिअरिंग आणि ब्रेकची ताकद जाते) आणि ४० पर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोजलं. दोन्ही दिशांनी, वारा आणि चढ-उतार कापले जावेत म्हणून. उन्हाळ्यात मोजलं होतं तेव्हा २६ सेकंद लागले होते. या वेळी १९. इंजिनचा इथं संबंधच येत नाही, गाडीला कुणीतरी मागं ओढतंय.

तसाच वीस किलोमीटर हायवेला गेलो, ब्रेक होता होईल तो न लावता, आणि गाडी हळूहळू थांबू दिली. चारही रिमजवळ तळहात नेऊन पाहिला (डिस्कला हात लावू नका, कातडी चिकटेल). तीन चाकं कोमट. पुढचं डावं असं, की हात जवळ ठेववेना. जळक्या पॅडचा वासही होता, तो मी इतके दिवस पुढच्या ट्रकचा समजत होतो. गॅरेजवाल्यानं चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं, अर्धा फेरा होऊन अडकलं. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सरकणाऱ्या पिना पावसाच्या पाण्यानं गंजून जाम झाल्या होत्या. पॅड डिस्कला कायम चाटत होते. साधारण दीडशे न्यूटनची ओढ असावी असा माझा हिशोब, म्हणजे ८० च्या वेगाला तीन किलोवॉटच्या वर, चाकात तीन इस्त्र्या चालू ठेवल्यासारखं. पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावलं, रबरं बदलली, डावे-उजवे पॅड नवे घातले. खर्च इंजेक्टरच्या एस्टिमेटच्या मानानं किरकोळ. त्यानंतरचे १,९०५ किलोमीटर १४७.२० लिटरला झाले, १२.९४.

ब्रेक ठीक निघाले तर पुढचा संशय बीएस-६ गाडीत डीपीएफवर, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरवर. काजळी साठली की गाडी जास्तीचं डिझेल जाळून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवते. त्या वेळी आयडलिंगचे आरपीएम जरा चढे, पंखा जोरात, गरम वास, आणि ८० च्या संथ चालीत एरवी अठरा-एकोणीस दाखवणारा डिस्प्लेवरचा त्या क्षणाच्या ॲव्हरेजचा आकडा अकरा-बारावर. माझ्या गाडीत हे पंधरा-वीस मिनिटं चालतं आणि अर्धा-पाऊण लिटर खातं. चारशे किलोमीटरला एकदा झालं तर दोन टक्के, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण रोजची फेरी चार-पाच किलोमीटरचीच असेल तर ते सुरू होतं, तुम्ही गाडी बंद करता, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतं. मग ॲव्हरेज खरंच पडतं, आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर ऑइल लगेच बदलायचं. आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेला नेणं हा यावरचा साधा उपाय आहे. पंखा गरगरत असताना पोचलात तर शक्य असेल तेव्हा आणखी दहा मिनिटं चालवा.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान सांभाळणारी झडप, कुणी बघत नाही. तो उघडाच अडकला तर इंजिन नीट तापत नाही. काटा मध्यावर यायला उशीर लागतो, हायवेला उतारावर पुन्हा खाली सरकतो. ओबीडीचा (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला लागणारा) साधा डोंगल लावला तर पाण्याचं तापमान ८५-९० च्या ऐवजी ६५-७० ला घुटमळताना दिसेल. थंड इंजिन डिझेल जास्त घेतं, शिवाय पुरेसं तापल्याशिवाय डीपीएफची सफाईही धड होत नाही. पार्ट स्वस्त आहे, मजुरी गाडीगणिक कमीजास्त.

हे सगळं बघून झालं आणि वही अजून खालीच असेल, तरच इंजेक्टर. तेव्हाही सरसकट क्लीनिंगला हो म्हणू नका, आधी रिटर्न टेस्ट मागा. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एक छोटी बाटली लावतात आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवतात. चार बाटल्यांत पातळी साधारण सारखी हवी. एखादी भराभर भरत असेल तर तो इंजेक्टर दोषी, फक्त तोच काढायचा. बाटल्यांचा फोटो काढून मगच एस्टिमेटवर सही करा.